आकडा काही हलेना

चार पूर्णांक दोन! आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, यात किंचाळण्यासारखं काय आहे? तेच! तेच तर सगळे म्हणाले! अहो, औषधांच्या फ्रीजचं तापमान होतं ते, आणि औषधांच्या फ्रीजमध्ये चार पूर्णांक दोन अंश म्हणजे उत्तम, म्हणजे आणखी काय हवं! पण मी सकाळी येऊन खुर्चीत टेकले तेव्हा चार पूर्णांक दोन, कॉफी आणायला गेले आणि आले तरी चार पूर्णांक दोन, ती कॉफी प्यायची राहून गार ढोण झाली, एसीवरून दोघांचं भांडण होऊन तो दोनदा वर-खाली झाला, माझ्या तळहातांना घाम सुटला, म्हणजे त्या खोलीतल्या झाडून सगळ्या वस्तूंचं तापमान बदललं, आणि तो फ्रीज आपला... चार पूर्णांक दोन! आता मला सांगा, फ्रीज म्हटला की कुणी दार उघडणार, कुणी हात घालणार, मोटर घुरघुरणार, मग दमून थांबणार, आकडा जरासा चढणार, जरासा उतरणार. जिवंत फ्रीजचा आकडा हलतो हो! हलत नाही तो कुणाचा? ...जाऊ दे, अभद्र कशाला बोला. आणि समोर बघते तर भिंतीवर सगळं हिरवंगार!

भिंत म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल रंगकाम चाललंय. आमची कंपनी काय करते, तर दवाखान्यांतल्या फ्रीजवर पाळत ठेवते. काडेपेटीएवढा एक डबा फ्रीजमध्ये बसवायचा, तो तापमान मोजणार, आमच्याकडे पाठवणार, आणि तापमान चढलं की आमचं सॉफ्टवेअर आपणहून त्या दवाखान्याला फोन करणार, की बाबांनो उठा, फ्रीज बघा. आणि ऑफिसच्या भिंतीवर हा एवढा मोठा पडदा. प्रत्येक फ्रीजचा एक ठिपका. बरा असेल तर हिरवा, आजारी असेल तर लाल. पूर्वी काय व्हायचं, दवाखान्यातल्या सिस्टर सकाळ-संध्याकाळ स्वतः दार उघडून आतला थर्मामीटर बघायच्या. मग आमचे विक्रीवाले तिथे गेले. “सिस्टर, आता दाराला हातही लावू नका! आम्ही बसलोय ना बघायला!” आम्ही म्हणजे कोण, विचारा. मी! मी बसलेय बघायला! प्रिंटरने कागद ओढला तरी जी खुर्चीवरून उडते, कुणी मागून “अगं” म्हटलं तरी जिच्या हातातलं पडतं, ती मी! ऑफिसात मला ‘भोंगा’ म्हणतात. तोंडावर म्हणतात. वाढदिवसाच्या केकवर लिहिलं होतं, आता बोला.

तर गेले मी आमच्या टीमच्या प्रमुखाकडे. यांना आम्ही थंडोबा म्हणतो, मात्र तोंडावर नाही. या माणसाला मी घाई करताना पाहिलंच नाही. आग लागली तर हा आधी विचारेल, कुठल्या मजल्याला?

“सर, तो एक फ्रीज...”

“लाल आहे?”

“नाही, हिरवा आहे.”

“मग?”

“सर, तो... फारच हिरवा आहे.”

खुर्ची हळूहळू फिरली. थंडोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर धडधाकट माणसाकडे बघतात. “म्हणजे आता हिरव्याचीही तक्रार?” पलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं. “अरे, भोंगा वाजला वाटतं!” वाजू दे. मी म्हटलं, सर, आकडा हलत नाहीये. तर थंडोबांचा चेहरा एकदम फुलला! मला वाटलं, आता काय झालं? तर म्हणतात कसे, “अगं, ते होय! ते मी केलंय.”

केलंय?

“गेल्या वर्षी डेमो होता, आठवतं? नेटवर्क मध्येच तुटायचं, मग आलेखात फटी पडायच्या. पाहुणे म्हणाले, हे काय, दात पडल्यासारखं दिसतंय. मग मी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी टाकल्या. नवा आकडा आला नाही की मागचाच दाखवायचा. झाला आलेख गुळगुळीत! तात्पुरतं होतं ते.”

“मग ते काढलं कधी?”

“काढायचंय.”

ऐकलंत? काढायचंय! आमच्या धंद्यात ‘तात्पुरतं’ म्हणजे कसं माहितीये का, चार दिवसांसाठी म्हणून आलेला लांबचा पाहुणा. पहिल्या आठवड्यात तो कोपऱ्यात गादी घालून झोपतो, दुसऱ्या आठवड्यात त्याचा टॉवेल दोरीवर दिसायला लागतो, आणि वर्षभराने तुम्हीच त्याला विचारता, काय हो, आज मी कुठे झोपू?

मी म्हटलं, “सर, पण समजा आकडा आलाच नाही. तासभर नाही, दिवसभर नाही. तर मग ठिपका लाल होणार कसा?”

तुम्हाला सांगते, त्या माणसाच्या डोळ्याची पापणी लवताना मी पहिल्यांदा पाहिली. आणि जो माणूस कधीच घाबरत नाही, तो जरासा जरी घाबरला ना, तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? टेबलाखाली जाऊन बसायचं? मग त्यांनी आतलं खरं रीडिंग काढलं, म्हणजे डब्याने शेवटचं स्वतःच्या तोंडाने काय आणि कधी सांगितलं ते. काल दुपारी. काल दुपारनंतर डबा एक अक्षर बोललेला नाही. मी सकाळपासून बघत होते तो आकडा कालचा होता! कालच्या आकड्यावर आज हिरवा! म्हणजे एखाद्या घराची कडी आतून बंद आहे, हाका मारून कुणी ओ देत नाही, आणि आपण बाहेर उभं राहून म्हणायचं, काल तर बरे होते! ...आणि भिंतीवर सगळं हिरवंगार!

बरं, फ्रीज कुणाचा? तर ठिपक्यांना नावं नसतात, नुसते क्रमांक. गुप्तता! मी क्रमांक टाकला, पत्ता उघडला, आणि बघते तर... आमच्या घराच्या वळणावरचा मुलांचा दवाखाना! तिथल्या लसींचा फ्रीज! आणि सकाळी मी चप्पल शोधत होते तेव्हा वहिनी काय म्हणाली होती? “वन्सं, आज आपल्या ठमीला टोचायला न्यायचंय, तू असतीस तर बरं झालं असतं, तुझ्या भावाला सुई बघूनच घेरी येते.” ठमी म्हणजे माझी भाची. दीड महिन्यांची. नाव अजून ठरलेलं नाही, कारण आमच्या घरात कशावर एकमत होईल तर शपथ. वहिनी मला ‘वन्सं’ म्हणते ते चिडवायला, बरं का, एरवी आम्ही मैत्रिणीच. आणि ती ठमी... मुठीत माझं बोट धरते आणि झोपेतही सोडत नाही. मी बोट सोडवून ऑफिसला आले होते. कशासाठी? तर फ्रीज बघायला!

आता यात भीती कसली, तेही सांगते. दूध नासलं तर कळतं. भाजी सडली तर घरभर कळतं. लस? उन्हाळ्यात रात्रभर बंद फ्रीजमध्ये राहिलेली लस दिसायला कशी दिसते? तश्शीच! तीच इवलीशी बाटली, तेच बूच. बाळाला सुई टोचणार, बाळ टाहो फोडणार, कार्डावर शिक्का पडणार, आई निर्धास्त होऊन घरी जाणार... आणि आत गेलं काय? पाणी! ठमीला विष बाधणार नाही हो, पण तिच्या अंगात राखण करायला कुणी असणारच नाही, आणि आम्ही सगळे समजणार की आहे. कळणार कधी? ज्या दिवशी तो आजार दारात येईल, त्या दिवशी!

लावला वहिनीला फोन. वाजतोय... वाजतोय... उचलत नाही. कारण ठमी झोपलेली असताना फोनचा आवाज बंद ठेवायचा, हा नियम घरात कुणी केला? मीच केला! परत लावला. वाजतोय... दुसऱ्या हाताने ऑफिसच्या फोनवरून दवाखाना लावला. तिथे उचलला! लगेच उचलला! एका गोड बाईने. “नमस्कार! आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे.” मी म्हटलं, हो हो, आहेच महत्त्वाचा, ऐका ना... “तपासणीची वेळ घेण्यासाठी एक दाबा. रिपोर्टसाठी दोन दाबा.” अहो, रेकॉर्ड केलेली बाई! मी सगळे आकडे दाबून पाहिले हो. फ्रीजसाठी काही दाबायची सोयच नाही! मग बासरी लावली तिने. बासरी! माझा जीव टांगणीला आणि कानात बासरी! मी रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला, म्हटलं कधीतरी कुणीतरी माणूस बोलेल, आणि धावले ते डबे बनवणाऱ्या हार्डवेअरच्या काकांकडे.

मनाला एकच आशा होती. फ्रीज ठणठणीत असेल, नुसता डबा रुसला असेल. होतं ना असं? काका त्यांच्या खोलीत चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत होते.

“काका, आपला डबा कशावर चालतो?”

“विजेवर. तू काय समजलीस, आशीर्वादावर?”

“काका, थट्टा नको. वीज कुठून घेतो?”

“फ्रीजच्याच प्लगवरून. दवाखान्यात वेगळा प्लग कोण देतंय?”

“आणि बॅटरी?”

“होती की. पहिल्या डब्यात होती. मग वरून निरोप आला, डबा जाडा दिसतो, नाजूक करा. काढली.” आणि त्यांनी तो नवा डबा हातात धरून असा फिरवून दाखवला, जशी लग्नाची मुलगी. “देखणा झाला की नाही?”

“काका, म्हणजे लाईट गेली की फ्रीज बंद?”

“बंद.”

“आणि डबा?”

“डबापण बंद.”

“मग फ्रीज बंद पडला हे सांगणार कोण?”

“तुमचं सॉफ्टवेअर.”

“आमचं सॉफ्टवेअर डब्याला विचारतं, काका!”

“मग डबा सांगेल.”

“डबा मेलेला असेल!!”

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मला नीट पाहिलं. डब्याला नीट पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “अगं, पण मग भिंतीवर लाल होईल ना?” मी दारातून बोट दाखवलं. काका बाहेर येऊन बघत राहिले. भिंतीवर सगळं हिरवंगार!

मी परत धावले थंडोबांकडे, आणि तिथे बघते तर माणूस खुर्चीच्या टोकाला बसलेला! थंडोबा! टोकाला! ते एकेक ठिपका उघडून आत बघत होते. मी वाकून पाहिलं. एक फ्रीज, हलतोय. दुसरा, हलतोय. तिसरा... सरळ रेष. पट्टीने आखल्यासारखी. आणखी एक सरळ. आणखी एक... मी म्हटलं, “सर, किती आहेत असे?” तर म्हणाले, “मोजू नकोस.” आणि आवाज कसा, जसा अंधाऱ्या जिन्यात आपण आपल्याशीच बोलतो तसा. मला सांगा, आपण रोज ज्याच्यासमोर बसून डबा खातो, ज्याच्यासमोर फोटो काढतो, त्या भिंतीवर हिरव्यातले जिवंत किती आणि नुसते डोळे उघडे ठेवून पडलेले किती, हे कुणालाच माहीत नसावं?

“सर, आधी दवाखान्याला इशाऱ्याचा फोन लावा! हाताने लावा!”

“त्याला मॅडमची परवानगी लागते.”

“मग ती घ्या!”

“मॅडम पाहुण्यांबरोबर आहेत.”

मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या सर्वेसर्वा, काचेच्या खोलीत होत्या हो. आमची भिंतच दाखवत होत्या! मी दार ढकललं. कधी नाही ते ढकललं. आत गारवा, सुगंध, टेबलाभोवती कोट घातलेले पाहुणे, आणि मॅडम म्हणत होत्या, “...आणि ही आमची भिंत. बघा, एकही लाल नाही. लोक विचारतात, हे कसं जमतं?” मी मनात म्हटलं, दोन ओळींत जमतं! गेले जवळ, कानाशी लागले. “मॅडम, एक फ्रीज बहुतेक बंद आहे.” मॅडम पाहुण्यांकडे बघून हसतच होत्या, ओठही न हलवता म्हणाल्या, “नंतर.” मी म्हटलं, “मॅडम, नंतर म्हणजे टोचून होईल.” “कुणाला?” “माझ्या भाचीला. दीड महिन्यांची आहे.” आणि माझा आवाज फुटला हो, ते सगळ्या खोलीने ऐकलं. आता मॅडमनी काय करावं? टाळ्या वाजवल्या त्यांनी! म्हणाल्या, “ऐकलंत? आमच्या इंजिनिअर घरच्या बाळांसाठीही आमच्याच फ्रीजवर विसंबतात!” आणि पाहुण्यांनीही वाजवल्या टाळ्या! मी त्या टाळ्यांमध्ये उभी, तोंड उघडं, आणि काचेपलीकडे थंडोबा माझ्याकडे बघतायत...

नंतर जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. थंडोबा कीबोर्डकडे वळले. कुणाला विचारलं नाही, परवानगी नाही, बैठक नाही. स्वतःच्या त्या दोन लाडक्या ओळी पुसल्या आणि नवी टाकली, की आकडा आला नाही तर लाल. आणि दाबलं बटण.

पहिल्यांदा कोपऱ्यातला एक ठिपका लाल झाला. मग त्याच्या शेजारचा. मग मधले. मग... अहो, गोवर उठावा तशी भिंत उठली! टाळ्या थांबल्या. एका पाहुण्याने विचारलं, “हे काय?” मॅडम भिंतीकडे न वळताच म्हणाल्या, “ही आमची नवी रंगसंगती.” आणि बाहेर आमचं सॉफ्टवेअर जागं झालं, एकेका दवाखान्याला फोन लावत सुटलं. थंडोबांच्या स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या: लागला, लागला, उचलला, लागला... आमच्या वळणावरचा दवाखाना: नंबर व्यस्त. परत प्रयत्न. व्यस्त. परत. व्यस्त!

“कोण बोलतंय एवढं त्या दवाखान्याशी?” थंडोबा ओरडले. हो, ओरडले! आणि त्या शांततेत माझ्या टेबलावरून ऐकू आली... बासरी. माझा रिसीव्हर! मीच! त्या दवाखान्याला जगात ज्या एका फोनची गरज होती, त्याच्या वाटेत मीच बासरी ऐकत बसले होते! झडप घातली, आपटला फोन. आणि वहिनीला पुन्हा लावला. वाजतोय... वाजतोय... मी म्हटलं, उचल गं बाई, आयुष्यात परत कधी तुझा चार्जर नेणार नाही, उचल...

“हॅलो? अगं वन्सं, किती ते फोन! हळू बोल, आत्ता डोळा लागलाय तिचा.”

“वहिनी! टोचायचं नाही! टोचू देऊ नकोस तिला!”

“अगं, झालं की टोचून! केव्हाच! टोचल्यावर अर्धा तास इथेच बसा म्हणाल्या, म्हणून बसलोय. काय रांग होती म्हणून सांगू, आणि उकाडा तर असा, कालपासून लाईट नाही म्हणे इथे, इन्व्हर्टरवर नुसता एक पंखा आणि एक दिवा. मी सिस्टरना म्हटलंसुद्धा, अहो, लसींचा फ्रीज तरी चालू आहे ना? तर म्हणाल्या, त्याला यंत्र बसवलंय, बिघडला असता तर फोन आला असता. म्हटलं, अय्या, ते यंत्र तर आमच्या वन्संच्या कंपनीचं! एवढ्या खूश झाल्या गं! रांगेतून उठवून पहिला नंबर लावला आपल्या ठमीचा!”

आणि तिच्या मागे, त्या दवाखान्यात, कुठेतरी एक फोन वाजायला लागला. आमचाच असणार. आत्ता लागला होता.

खुर्चीत बसले. गार ढोण कॉफीचा एक घोट घेतला. म्हटलं, “वहिनी, घरी जाऊ नकोस, तिथेच थांब, मी निघालेय. तो वाजतोय ना फोन, तो सिस्टरना आधी उचलायला सांग, आणि पुढच्या बाळाला टोचू देऊ नकोस. डॉक्टरांशी मी बोलते. ठमीला पुन्हा टोचावं लागेल बहुतेक. परत रांगेत उभं राहू आपण, शेवटी उभं राहू, काही बिघडत नाही... फक्त एक कर, या वेळी माझं नाव काढू नकोस.”